पोरगं नशेच्या नादी लागायच्या आधी घरात काय करायचं

ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा, कारखाना सापडला तेव्हा सिडकोत घरोघरी तीच चर्चा, पण पोरं काही थेट एमडीवर जात नाहीत हो, सुरुवात सहसा टपरीवरच्या पुडीनं, सिगरेटनं नाहीतर कुणाच्या तरी बड्डेच्या बियरनं होते, म्हणून काम तिथूनच चालू करा.

आधी घर. बाप बसला की पोराला सोडा-चकणा आणायला पिटाळतो, ते आजपासून बंद. महाराष्ट्रात बियर-वाईनला 21 आणि बाकी दारूला 25 वय लागतं हे पोरांना सांगा, हसतील, तरी सांगा. आणि वाईन म्हणजे द्राक्षाचा रस असले जोक घरात नकोत, नाशिककरांना ती खोडच आहे.

मग नाही म्हणायची प्रॅक्टिस, सहावी-सातवीतच. मी भाच्यासोबत केली. मी झाले त्याचा मित्र, खुर्चीवर गाडीवर बसल्यासारखी बसले न म्हटलं, "घे ना भावा, एक कश, मरतो का काय?" पहिल्यांदा तो नुसता हसला, दुसऱ्यांदा "नको रे" म्हणाला पण आवाजच फुटेना. मग मीच सांगितलं, मला व्हिलन कर. "मावशी रोज तोंडाचा वास घेते, लय डेंजर बाई आहे." हे त्याला जाम आवडलं, कारण मित्रांत इज्जत जात नाही ना. आता मी खरंच अधूनमधून वास घेते.

क्लास सुटल्यापासून जेवणापर्यंतचा वेळ मोकळा सोडू नका. तालीम, ढोल पथक, काहीही चालेल, फक्त प्रॅक्टिस संपल्यावर तिथले मोठे कुठे बसतात तेही बघून या.

नुसत्या लाल डोळ्यांवरून संशय घेऊ नका. मित्र एकदम बदलले, मोबाईलवरून रोज एकाच नंबरला शंभर-दोनशे रुपये जातायत, दप्तरात हुंगायचं व्हाइटनर किंवा झोपेच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, असं दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर बोला. पण नशेत असताना नाही, मारून तर नाहीच, सकाळी चहाच्या वेळी. 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे, पोराआधी तुम्हीच फोन करा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, डॉक्टर लागतोच. आणि लग्न लावलं की सुधरेल हे डोक्यातून काढा, त्यात दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं होतं.

राहिली टपरी. शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि 18 च्या आतल्या पोराला दारू-तंबाखू दिली तर 2015 च्या बाल न्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एकट्यानं भांडायला जाऊ नका, चार-पाच पालकांनी मिळून लेखी अर्ज द्या न पोच घ्या. आमच्या पहिल्या दोन अर्जांना कुणी विचारलंही नाही, तिसऱ्यानंतर टपरी हलली, पन्नास पावलं पुढे. चौथा अर्ज लिहून ठेवलाय, सह्या चालू आहेत.