म्युनिकची पानगळ आणि पाच वाजताची दिवेलागण

लहान मुलींना घेऊन उन्हाळ्यात म्युनिकला आलेल्या बहुतेक आया ऑक्टोबर संपता संपता एकच गोष्ट विचारतात. चार वाजता मुलींना किटामधून, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीतून, घरी आणलं की झोपेपर्यंतचे चार तास काढायचे कसे? बाहेर पाऊस, गार वारा आणि वर काळोख. आम्हाला इथे नऊ वर्षं झाली. मोठी सात वर्षांची, धाकटी चार, दोघींचा जन्म इथलाच. म्हणून अनुभवाचं सांगते.

सगळ्यात आधी बाहेर जाण्याची तयारी करा, कारण पाऊस आहे म्हणून किटातली मुलं आत बसत नाहीत. धाकटीसाठी पहिल्याच आठवड्यात यादी हातात येते: गमबूट, रेनकोट, टोपी आणि माचहोजं, म्हणजे चिखलात लोळायची रबरी पँट. हे सगळं नवं घेऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात चर्चच्या सभागृहांत, किटांमध्ये मुलांच्या जुन्या कपड्यांचे बाजार भरतात, तिथे धडधाकट वस्तू अगदी स्वस्तात मिळतात. मापं वयावर नसतात, उंचीवर असतात: 104, 110, 116. घरी उंची मोजूनच जा. आणि प्रत्येक मोज्यावरसुद्धा नाव घाला. अंगात एक जाड स्वेटर कोंबण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर बरे. इथले लोक त्याला 'झ्वीबललुक' म्हणतात, कांद्यासारखे पापुद्रे.

उजेड आहे तोवर घरात शिरूच नका, हे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं. किटामधून थेट बागेत जायचं. अर्धा तास पुरे. इंग्लिश गार्टनमध्ये पानांचे ढीग असतात, झाडांखाली चेस्टनट पडलेले असतात, आणि मुली खिसे भरभरून आणतात. पण हे तपकिरी, गुळगुळीत चेस्टनट खायचे नसतात. बाजारात भाजून मिळतात ते वेगळे. आपली मुलं दिसेल ते तोंडात घालतात, म्हणून धाकटीवर डोळा ठेवा. घरी आणून त्यांना काड्या टोचल्या की हत्ती होतो, घोडा होतो. आमच्या खिडकीत सध्या चार पायांचा गणपती बसलाय.

आता घराचं. मोठी लहान असताना आम्ही थंडीच्या भीतीने खिडक्या गच्च लावून घेतल्या. रोज कुकरच्या शिट्ट्या, स्टँडवर वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास, सगळी वाफ आतच. नोव्हेंबरात मोठीचं खणाचं परकर-पोलकं काढायला गेले तर त्याला कुबट वास. कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी हातभर पसरलेली. आजीने शिवलेलं पोलकं होतं, धुऊनही वास गेला नाही. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडते. खिडकी दिवसभर नुसती तिरकी ठेवून भागत नाही, भिंत गार पडते आणि बुरशी उलट वाढते. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. स्वयंपाक करताना दार लावून घ्या.

आजारपण येणार, त्याने खचू नका. किटातल्या पहिल्या पानगळीत धाकटी दर पंधरवड्याला तापली. बालरोगतज्ज्ञ आधीच शोधून ठेवा, नवीन पेशंट घेणारे पटकन सापडत नाहीत. भारतातली लसीकरणाची वही सोबत हवीच. 2020 पासून गोवराच्या लसीचा पुरावा दिल्याशिवाय किटात प्रवेश नाही. दवाखाने बंद असताना 116117 हा नंबर, जिवावरचं असेल तर 112. आणि मूल आजारी म्हणून रजा घेताना संकोच करू नका. सरकारी आरोग्य विमा असेल तर 2024 आणि 2025 साठी प्रत्येक मुलामागे आई आणि वडील दोघांनाही वर्षाला 15-15 दिवस दिले होते. डॉक्टरांचा कागद तेवढा लागतो. ही रजा नवऱ्यानेही घ्यायची असते, हे मी मुद्दाम लिहितेय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, पहाटे तीनचे दोन वाजतात. मुली मात्र जुन्याच वेळेला उठतात, म्हणजे सहाऐवजी पाचला. आदल्या आठवड्यात झोपायची वेळ रोज दहा मिनिटांनी पुढे ढकला. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, तेव्हा आजीला फोन करायची वेळही बदलते.

आणि इथेच मला काळोखाची भीती गेली. जूनमध्ये सूर्य सव्वानऊला मावळतो. मुली झोपायला टेकतात तरी बाहेर ऊन असतं, दिवा कधी लावायचा? घड्याळ बदललं की पाचला दिवेलागण होते. मुली जाग्या असतात, भुकेल्याही असतात. निरांजन लावायचं, शुभंकरोती म्हणायची, मग गरम वरण-भात. आमच्या घरी शुभंकरोती पाठ झाली ती पानगळीतच. साताऱ्याला तेव्हा रात्रीचे साडेनऊ होतात. सासूबाई जेवून फोनपाशी थांबतात आणि तिथून सूर लावतात.

11 नोव्हेंबरच्या सुमारास किटांची सेंट मार्टिनची मिरवणूक निघते. आपला अंगरखा तलवारीने अर्धा कापून थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला देणारा हा रोमन सैनिक. मुलं काठीला कागदी कंदील लावून अंधारात गात चालतात. कंदील किटात बनवतात, कधी पालकांनाही बोलावतात. नक्की जा, ओळखी तिथेच होतात. 2023 मध्ये आमची मिरवणूक 10 तारखेला होती आणि त्याच दिवशी धनत्रयोदशी. मोठीने घुबडाचा कंदील केला होता, मोठे पिवळे डोळे, चोच जरा वाकडी. घरी आल्यावर तो बाल्कनीत आकाशकंदिलाशेजारीच टांगायचा असा तिचा हट्ट. फोनवर दाखवला तर सासूबाई आधी दचकल्या. सणाच्या दिवशी दारात घुबड! मग जवळ घेऊन दाखवायला सांगितलं, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, राहू दे. लक्ष्मीचंच वाहन आहे ते. परवा पूजेपर्यंत काढू नका."