नोकरी सोडली पण पीएफ अडकला, असा सोडवला

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत 19 वर्षं काढली, आता मच्छेत स्वतःचं लेथ टाकलंय. लॉकरची चावी परत देताना तोंडातनं शब्दच फुटेना. पण खरी अडचण पुढं आली बघा, कंपनीनं पीएफला नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नाही, त्यामुळं पैसे अडकले, चार फेऱ्या मारल्या, दरवेळी उद्या या. मग पोरीनं यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टल उघडलं, 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', शेवटचा हप्ता पडून दोन महिने झाले की आपणच तारीख टाकू शकतो की ओ, आधारच्या मोबाईलवर ओटीपी आला आणि झालं. तारीख नीट बघून टाका, नंतर दुरुस्तीला लई त्रास. ग्रॅच्युइटीचं वेगळं, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरून वर्षाला 15 दिवसांचा पगार, तो अर्ज मी लेखी दिला आणि पोच घेतली.