बँडबद्दल समीक्षकांचं मत कसं बदलत गेलं, ते कसं शोधायचं

आधी एकच बँड धरा, समजा लेड झेपलिन हा ब्रिटिश रॉक बँड, आणि अल्बम आला त्याच वर्षीचे रिव्ह्यू शोधा, नंतर लिहिलेले नकोत, कारण नंतरच्या लेखात जुनी नाराजी एका ओळीत उरकलेली असते. ह्यांचा पहिला अल्बम १९६९ चा, आणि रोलिंग स्टोन ह्या अमेरिकन संगीत मासिकाने तेव्हा त्याला चक्क झोडपलं होतं, पण त्याच मासिकाच्या २००३ च्या ५०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत तोच अल्बम २९ व्या नंबरवर! मधल्या काळात १९९५ मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे रॉक कलाकारांच्या मानाच्या यादीत, जागाही मिळाली. तारखा लिहून ठेवा म्हणजे मत कधी फिरलं ते दिसतं.

आता खरं काम, मत का फिरलं ते बघायचं. जुन्या रिव्ह्यूत नेमका राग कशावर आहे, आवाजावर, गाण्याच्या शब्दांवर की ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या संगीताची, उचल केली म्हणून, हे वेगळं काढा, कारण उचलेगिरीचा आक्षेप आजही घेतला जातो आणि माझ्या मते तो रास्तच आहे. स्टार रेटिंगवर फार जाऊ नका, मजकूर वाचा. आणि विक्रीचे आकडे इथे मिसळू नका, अल्बम तेव्हाही धडाधड खपत होतेच.