डेस्कटॉप घरात, लॅपटॉप बागेत, फाइल मात्र एकच

रावेर-सावद्याकडे केळीची कापणी सुरू झाली की हिशोबाची एक फाइल डेस्कटॉपवर, तिची जुनी प्रत लॅपटॉपवर आणि तिसरी कुठल्यातरी पेनड्राइव्हवर असते. व्यापाऱ्याचा फोन आला की खरी कोणती, हेच कळत नाही. दोन्ही संगणकांवर लिनक्स असेल तर दोन्हीकडचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारा सिंकथिंग हा मोफत प्रोग्राम बसवा. फाइलींची नक्कल करणारे आरसिंक हे साधनही चांगले आहे, पण ते एकाच दिशेने नक्कल करते. बदल दोन्हीकडे होत असतील तर ते अपुरे पडते. शिवाय घरातल्या घरात सिंकथिंगला इंटरनेट लागत नाही, फाइल राउटरमधून थेट जाते. नेट गेले तरी राउटर इन्व्हर्टरवर असला की झाले.

लिनक्सचा प्रकार उबंटू, मिंट, फेडोरा यांपैकी कोणताही असो, दोन्ही संगणकांच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये सिंकथिंग शोधून इन्स्टॉल करा. मेनूतून 'स्टार्ट सिंकथिंग' दाबले की ब्राउझरमध्ये त्याचे पान उघडते. नाही उघडले तर पत्त्याच्या जागी १२७.०.०.१:८३८४ टाका (आकडे अर्थातच इंग्रजी). 'स्टार्ट सिंकथिंग'ची नोंद स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्येही घाला, म्हणजे संगणक चालू होताच ते आपोआप सुरू होईल.

आता ओळख करून द्यायची. डेस्कटॉपवर 'ॲड रिमोट डिव्हाइस' दाबा. दोन्ही एकाच वायफायवर असतील तर लॅपटॉपचा लांबलचक आयडी तिथेच खाली दिसतो. त्यावर क्लिक करून सेव्ह करा. थोड्या वेळात लॅपटॉपवर विचारणा येईल, ती मान्य करा. आयडी दिसलाच नाही तर बहुतेक फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा संगणकाचा पहारेकरी, आड येते: तिच्या सेटिंगमध्ये पोर्ट (जोडणीचे दार) २२००० आणि यूडीपी प्रकारचे पोर्ट २१०२७ मोकळे करा.

मग 'ॲड फोल्डर'. अख्खे होम फोल्डर जोडायचा मोह होतो, तो टाळा. त्यात ब्राउझर आणि इतर प्रोग्रामच्या लपलेल्या फाइली असतात, त्या दोन्हीकडून बदलत राहिल्या की घोळ होतो. 'हिशोब' नावाचे वेगळे फोल्डर करा, शेअरिंगमध्ये लॅपटॉपवर टिक करा, लॅपटॉपवर ते स्वीकारा.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे; इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. म्हणून फोल्डरच्या 'फाइल व्हर्जनिंग'मध्ये 'ट्रॅश कॅन' निवडा आणि ३० दिवस ठेवा. हे दोन्ही संगणकांवर करावे लागते, कारण जुनी प्रत राखली जाते ती दुसरीकडून बदल येतो तेव्हाच. स्वतःच्या हाताने पुसलेली फाइल त्याच संगणकावर सापडणार नाही, दुसऱ्यावर शोधा.

बदल पोचायला दोन्ही संगणक एकाच वेळी चालू हवेत. भारनियमनात डेस्कटॉप बंद असेल तर लॅपटॉपवर लिहीत राहा. वीज आली, डेस्कटॉप लावला की बदल जुळतात. मात्र मधल्या काळात तीच फाइल दोन्हीकडे बदलली असेल तर जुन्या वेळेची प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' अशा नावाने बाजूला पडते. ती लगेच पुसू नका. दोन्ही उघडून नोंदी ताडून पाहा, राहिलेल्या मुख्य फाइलमध्ये उतरवा आणि मगच ती काढून टाका.