हायब्रिड गाडी: मागच्या सीटजवळची जाळी आधी बघा

हायब्रिड म्हणजे इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली गाडी. प्लग-इन प्रकार सोडला तर तिला वेगळं चार्जिंग लागत नाही. ब्रेक दाबला की मोटरच जनरेटर होते आणि बॅटरी भरते. उरलेलं काम इंजिन करतं. म्हणून ट्रॅफिकमध्ये ती जास्त मायलेज देते, हायवेवर फरक कमी.

बऱ्याच मॉडेलमध्ये मोटर चालवणारी मोठी बॅटरी केबिनमधल्या हवेने थंड होते. हवा आत घेणारी जाळी मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असते. तिथे पिशवी, चादर टेकवू नका. आतला फिल्टर धूळ, केसांनी तुंबला की पंखा घरघरतो, बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. जाळी काढा, फिल्टर झटका, व्हॅक्यूम मारा. पाच मिनिटांचं काम, पण नेमकं तेच राहून जातं.

गाडी ‘रेडी’ होत नसेल, म्हणजे चालायला तयार असल्याचा दिवा लागत नसेल, तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. ती मेली की मोठी भरलेली असूनही गाडीचा कॉम्प्युटर (कंट्रोल युनिट) जागाच होत नाही. गाडी उभीच राहणार असेल तर आठवड्यातून एकदा काही वेळ ‘रेडी’त, पार्कमध्ये ठेवा, तीही मोकळ्या हवेत, इंजिन आपोआप सुरू होतं. न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी सहसा चार्ज होत नाही.

नारिंगी केबलला हात लावू नका, त्यात जीवघेणा व्होल्टेज असतो.