संग्रहालयाच्या दुकानासाठी वस्तू घडवताना

संग्रहालयांसाठी स्मरणवस्तू डिझाइन करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या कामात येऊ पाहणाऱ्यांचे पोर्टफोलिओ बघायला मिळतात, तेव्हा बहुतेकांत एकच गोष्ट दिसते: एखादं प्रसिद्ध चित्र घ्यायचं आणि कॉफी मग, टोट बॅग, फ्रिज मॅग्नेट, सगळ्यावर तेच छापायचं. चित्र ओळखू येतं, पण मूळ चित्र प्रत्यक्ष बघताना जे वाटलं होतं ते त्यात उतरत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की काम सुरू करायचं ते दालनातून.

एखाद्या काचपेटीपाशी तासभर थांबा आणि बघणाऱ्या लोकांकडे बघा. ते कुठे वाकतात, कशावर बोट ठेवतात, सोबतच्याला काय सांगतात? सिंधू संस्कृतीच्या मुद्रांचंच घ्या. पुस्तकातल्या फोटोत त्या तळहाताएवढ्या वाटतात. समोर येतो तो साधारण अडीच सेंटिमीटरचा चौकोनी दगड. ‘एवढीशीच?’ हा उद्गार हमखास ऐकू येतो. तीच मुद्रा पोस्टरवर हातभर मोठी करून छापली, की नेमकं ते आश्चर्य हरवतं. शिवाय मुद्रा ही ठसा उमटवण्याची वस्तू. ती उलटी कोरलेली असते, मातीत दाबली की चित्र सुलटं येतं. म्हणजे मूळ मापाचा शिक्का आणि सोबत मातीची वडी, एवढ्यात वस्तू तयार होते, आणि घरी नेल्यावर ती मूळ मुद्रेचंच काम करते. एक काळजी मात्र घ्यायची. छापून आलेले फोटो कधी मुद्रेचे असतात, कधी तिच्या ठशाचे. फोटो कशाचा आहे याची खात्री झाल्याशिवाय साचा करायला द्यायचा नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला ‘विल्यम’ हा इजिप्तचा निळ्या पाणघोड्याचा छोटा पुतळा असाच अभ्यासण्यासारखा आहे. तो सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचा आहे आणि आज त्या संग्रहालयाचं जणू बोधचिन्हच झाला आहे. त्याच्या अंगावर कमळं रंगवली आहेत, कारण पाणघोडा राहतो ती दलदल तिथे दाखवायची आहे. त्याचे तीन पाय मुळात मुद्दाम मोडलेले होते आणि नंतर जोडले गेले. थडग्यातल्या मृताला या प्राण्याने इजा करू नये, ही त्यामागची समजूत. पाणघोड्याचं खेळणं कुठेही मिळेल. कमळं जागच्या जागी असली आणि लेबलवर पायांची हकीकत असली, तरच तो विल्यम होतो.

आता साहित्याकडे. इथे नवखे फार अडकतात. एनॅमल पिनमध्ये, म्हणजे रंग भरलेल्या धातूच्या बिल्ल्यात, दोन रंगांच्या मध्ये धातूची उंचावलेली रेघ लागते, त्यामुळे लघुचित्रातली केसाएवढी बारीक रेषा तिथे टिकत नाही. अख्खा प्रसंग कोंबण्यापेक्षा एक हात, एक पक्षी, किनारीतलं एक फूल उचला. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन (छपाईची जाळी) लागतो, म्हणजे रंग वाढले की खर्च वाढला. लहान मुलांसाठी वस्तू करत असाल तर सुट्या भागांचं माप बघा. सुरक्षा चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारा तुकडा 3 वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरलं जातं.

कापाकापी जपून करावी. जपानी चित्रकार होकुसाईची ‘ग्रेट वेव्ह’ (सुमारे 1831) हे आडवं चित्र. गोल कोस्टरवर बसवताना लाट मोठी करण्याचा मोह होतो आणि मागचा छोटासा फुजी पर्वत कापला जातो. पण ही चित्रमालिकाच फुजीच्या दर्शनांची आहे! असं काही सुटलं, तर ते संग्रहालयाचे क्युरेटर दाखवून देतात. त्यांना अगदी कच्च्या रेखाटनापासून सोबत घ्या. सॅम्पल आल्यावर बदल करणं महाग पडतं.

काही वस्तूंना हात लावताना जास्त विचार हवा. पूजेतली मूर्ती पायपुसण्यावर जाऊ शकत नाही. न्यूयॉर्कच्या 9/11 स्मारक संग्रहालयाच्या दुकानात 2014 मध्ये अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराचं चीज वाढायचं ताट विकायला होतं. हल्ल्याच्या ठिकाणांवर त्यात हृदयाच्या खुणा होत्या. मृतांच्या नातेवाइकांना ते लागलं आणि ताट मागे घ्यावं लागलं. दुःखाशी जोडलेल्या दालनासाठी मी साधी वही किंवा पुस्तकखूण सुचवते, तीही विषयाच्या जाणकारांना दाखवून.

हक्कांचं थोडक्यात: वस्तू प्राचीन असली तरी तिच्या फोटोचे हक्क वेगळे असू शकतात, आणि हयात कलाकाराशी लेखी करार हवाच. सरावासाठी मात्र सोय आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2012 पासून आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या उत्तम प्रतिमा मोफत वापरायला दिल्या आहेत.

जमलं तर काही दिवस दुकानाच्या काउंटरवर काम करा. माणूस वस्तू उचलतो, बोट फिरवतो आणि लगेच उलटी करून बघतो. मागे किंमत आणि बारकोडच असेल तर बहुतेकदा ती परत जागेवर जाते. दोन ओळींचा मजकूर असेल तर तो थांबून वाचतो, सोबतच्याला दाखवतो. त्या दोन ओळी मी स्वतः लिहिते. दुसऱ्यावर सोडत नाही.

पोर्टफोलिओत एकच प्रदर्शनवस्तू घेतलीत तरी चालेल. तिच्यावरून तीन वस्तू करा: एक शाळकरी मुलाला खाऊच्या पैशांत घेता येईल अशी, एक रोज वापरायची, एक जपून ठेवायची. दालनातली निरीक्षणं, फसलेली रेखाटनं आणि लेबलचा मजकूरही त्यात ठेवा. मी तरी ती पानं आधी उघडते.