नेदरलँड्समधील शांत उपनगरात घर घेताना

नेदरलँड्समध्ये घर पाहण्यासाठी बहुतेक वेळा अर्धा तासही मिळत नाही, आणि घर मागणीतले असेल तर बोली लावण्याची मुदत त्याच आठवड्यात संपलेली असते. त्यामुळे जी चौकशी एरवी घर पसंत पडल्यानंतर सावकाश करता येते, ती येथे घर पाहायला जाण्यापूर्वीच उरकून ठेवावी लागते. शांत उपनगरात घर घेणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण त्यांना हवी असलेली शांतता फुंडा या घरांच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरील छायाचित्रांत दिसत नाही आणि शनिवारी सकाळी अर्ध्या तासाच्या भेटीत ती ऐकूही येत नाही.

सुरुवात मात्र पैशांपासून करावी. गृहकर्ज सल्लागाराकडे जाऊन आपल्याला नेमके किती कर्ज मिळू शकते याचा हिशेब आधी करून घ्यावा. येथील नियमानुसार घराच्या मूल्यांकनाच्या जास्तीत जास्त १०० टक्के इतकेच कर्ज मिळते. घराची ऊर्जाक्षमता वाढवणाऱ्या कामांसाठी ही मर्यादा १०६ टक्क्यांपर्यंत जाते. यातील ‘मूल्यांकन’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण कर्जाची मर्यादा आपण लावलेल्या बोलीवर नव्हे, तर स्वतंत्र मूल्यांकनकाराने ठरवलेल्या किमतीवर अवलंबून असते. समजा, बोली ४ लाख ५० हजार युरोची लागली आणि मूल्यांकन ४ लाख ३५ हजारांचे आले, तर मधले १५ हजार युरो स्वतःच्या बचतीतून द्यावे लागतात. त्यावर २ टक्के हस्तांतरण कर, म्हणजे ९ हजार युरो, आणि शिवाय नोतारिस (म्हणजे घर नावावर करून देणारा कायदेतज्ज्ञ), मूल्यांकन व सल्लागार यांचे शुल्क. जाहिरातीत किमतीपुढे असलेल्या ‘के.के.’, म्हणजे ‘कोस्टन कोपर’, या अक्षरांचा अर्थ हाच की हस्तांतरणाचा सारा खर्च खरेदीदाराच्या माथी आहे. नव्या बांधकामाच्या किमतीपुढे बहुधा ‘व्ही.ओ.एन.’ लिहिलेले असते. तेथे हा खर्च किमतीतच धरलेला असतो.

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि ३५ वर्षांखालील खरेदीदाराला, तो त्या घरात स्वतः राहणार असेल तर, हस्तांतरण करातून आयुष्यात एकदा सूट मिळते. २०२५ मध्ये त्यासाठी घराच्या किमतीची मर्यादा ५ लाख २५ हजार युरो होती. ही मर्यादा एका युरोने ओलांडली तरी संपूर्ण सूट जाते, आणि वय मोजले जाते ते करारावर सही करण्याच्या दिवशी नव्हे, तर नोतारिसकडे घर नावावर होण्याच्या दिवशी. ज्यांचा पस्तिसावा वाढदिवस जवळ आला आहे त्यांनी ताब्याची तारीख ठरवताना हे विसरू नये. पतिपत्नींपैकी एकच जण या वयात बसत असेल, तर त्याच्या हिश्श्यापुरती सूट मिळते. याच्या जोडीला एनएचजी ही राष्ट्रीय कर्जहमी पाहावी. २०२५ मध्ये तिची मर्यादा ४ लाख ५० हजार युरो आणि शुल्क कर्जाच्या ०.४ टक्के होते. हमी असलेल्या कर्जावर व्याजदर सहसा थोडा कमी लागतो, म्हणून हे शुल्क वसूल होते. हे आकडे दरवर्षी बदलतात. खरेदीच्या वर्षाचे आकडे सल्लागाराकडून लेखी घ्यावेत.

भारतीय पासपोर्टवर, कुशल स्थलांतरिताच्या परवान्यावर राहणाऱ्यांनाही कर्ज मिळते, परंतु प्रत्येक बँकेच्या अटी निराळ्या असतात. नोकरीचा करार मुदतीचा असेल, तर तो पुढे कायम करण्याचा हेतू असल्याचे नोकरी देणाऱ्या कंपनीचे पत्र बहुतेक बँका मागतात. ते मिळवण्यात कधीकधी आठवडे जातात. म्हणून ते पहिल्याच दिवशी मागावे. व्याजावरील करसवलत हवी असेल, तर कर्ज ३० वर्षांच्या आत हप्त्याहप्त्याने पूर्ण फिटणारे असले पाहिजे.

पैशांचे चित्र स्पष्ट झाले की वस्तीकडे वळावे. डच उपनगरांतील बहुतेक घरे ओळीत, भिंतीला भिंत लावून बांधलेली असतात. ओळीतल्या मधल्या घरापेक्षा कोपऱ्यावरचे महाग, त्याहून जोडघर महाग, आणि स्वतंत्र घर सर्वांत महाग, अशी साधारण चढण असते. वस्तीच्या वयावरूनही पुष्कळ कळते. १९७० आणि ८०च्या दशकांतील वस्त्यांना वळणावळणाच्या आखणीमुळे ‘ब्लूमकोलवाइक’, म्हणजे फुलकोबी वस्ती, असे म्हणतात. तेथे आरपार जाणारी वाहतूक नसते, झाडे मोठी झालेली असतात, आणि अनेक गल्ल्या ‘वोनएर्फ’ असतात, जेथे गाड्यांना ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाता येत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून उभ्या राहिलेल्या फिनेक्स वस्त्या, म्हणजे सरकारी नियोजनानुसार शहरांलगत बांधलेल्या वस्त्या, उदाहरणार्थ युट्रेख्तजवळचे लेइडशे राइन किंवा हेगजवळचे इपेनबुर्ख, यांतील घरांची उष्णतारोधकता चांगली असते. परंतु अंगणे लहान असतात आणि कित्येक ठिकाणी तापवण्यासाठी वस्तीच्या सामायिक उष्णताजालाशीच जोडलेले राहावे लागते, म्हणजे पुरवठादार बदलण्याची मुभा राहत नाही. लहान मुले असतील तर माझा कौल जुन्या फुलकोबी वस्तीला आहे. तेथे मुले खरोखरच रस्त्यावर खेळतात.

शांतता तपासण्याचे काम घाईने उरकण्यासारखे नाही. ‘अॅटलस लेफओमखेविंग’ या सरकारी नकाशावर रस्ते, रेल्वे आणि विमाने यांच्या आवाजाची पातळी पत्त्यानुसार पाहता येते. तरीही नकाशावर विसंबू नये. स्खिपोल विमानतळावर कोणती धावपट्टी वापरायची हे वाऱ्याच्या दिशेनुसार ठरते; त्यामुळे आल्समेर, झ्वानेनबुर्ख किंवा आम्स्टलवेनच्या काही भागांत एके दिवशी पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो, तर दुसऱ्या दिवशी डोक्यावरून एकामागून एक विमाने जातात. आइंडहोव्हनच्या मेअरहोव्हन भागातही विमानतळ जवळ आहे. यासाठी पसंत पडलेल्या वस्तीत निदान तीन वेळा जावे: कामाच्या दिवशी सकाळी शाळा भरताना, संध्याकाळी साडेपाचनंतर लोक घरी परतताना, आणि उन्हाच्या रविवारी, जेव्हा सारी अंगणे भरलेली असतात. घर अजून ठरलेले नसले तरी वस्ती ठरवून ही फेरी मारता येते, आणि ती मारलेली असली की बोलीच्या आठवड्यात मन शांत राहते.

घरामागचे मोकळे कुरण पाहून भुलू नये. १ जानेवारी २०२४पासून लागू झालेल्या पर्यावरण व नियोजन कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेचा भूवापर आराखडा ‘ओमखेविंग्सलोकेट’ या संकेतस्थळावर पाहता येतो. त्या कुरणावर पाच वर्षांनी चारमजली इमारत येऊ शकते का, हा प्रश्न तेथे तपासावा आणि नगरपालिकेलाही लेखी विचारावा. ‘लेफबारोमेटर’ या सरकारी संकेतस्थळावर वस्तीच्या राहणीयोग्यतेचे चित्र मिळते. तथापि शेजाऱ्यांशी पाच मिनिटे बोलून जे कळते ते यांतल्या कशातूनही कळत नाही. मधली भिंत कितपत आवाज रोखते, गाडी लावायला जागा मिळते का, पावसात मागची गल्ली तुंबते का, हे नम्रपणे विचारल्यास लोक सहसा मोकळेपणाने सांगतात. अशा वस्तीत आपल्याकडूनही तीच अपेक्षा असते, हेही ध्यानात ठेवावे. रविवारी भिंतीला ड्रिल लावणे गैर मानले जाते, आणि घरी मोठा समारंभ असेल तर आधी चिठ्ठी टाकून शेजाऱ्यांना कळवण्याची पद्धत आहे.

आता घराच्या खालच्या जमिनीविषयी, कारण या देशात सर्वांत महाग चूक तेथेच होते. पश्चिमेकडील बराच भाग पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत माती, आणि चिकणमाती यांचा आहे. जुनी घरे लाकडी खांबांवर उभी आहेत, आणि हे खांब भूजलाखाली बुडालेले असेपर्यंतच टिकतात. पाण्याची पातळी उतरून त्यांची डोकी उघडी पडली की ती कुजू लागतात. खौडा, झांडाम, रॉटरडॅम, डॉर्ड्रेख्त येथे हा प्रश्न परिचयाचा आहे. पाया दुरुस्त करण्याचा खर्च हजारांत नव्हे, तर दहा हजारांच्या पटीत जातो. १९७०पूर्वीचे घर असेल तर पायाचा अहवाल मागितल्याशिवाय बोली लावू नये, असे माझे ठाम मत आहे. दारे चौकटीत अडकतात का, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी भेग गेली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. नव्या घरांचे काँक्रीटचे खांब पक्के असतात, पण अंगण खचते; दर काही वर्षांनी माती आणून भरावी लागते. आणखी एक बाब म्हणजे, स्खिपोलजवळचे हूफ्डडॉर्प ज्या पोल्डरमध्ये वसले आहे तो १८५२ मध्ये उपसून कोरडा केलेला तलाव आहे, आणि तेथील जमीन समुद्रसपाटीपेक्षा काही मीटर खाली आहे. मुख्य बांध फुटून आलेल्या पुराचे नुकसान घराच्या नेहमीच्या विम्यात सहसा धरले जात नाही.

१९९३ मध्ये अॅस्बेस्टॉसवर बंदी आली. त्यापूर्वीच्या घरात ते छपरात, नळ्यांत किंवा जुन्या फरशीखाली असू शकते. १९६०पूर्वीच्या घरात पिण्याच्या पाण्याच्या नळ्या शिशाच्या आहेत का, हे विचारावे. ऊर्जा-लेबल पाहावे, आणि जमिनीखालची रांगण्याइतकी पोकळी उघडून तिच्यात पाणी साचले आहे का तेही पाहावे. सदनिका घेत असाल तर मालकसंघाची, म्हणजे व्हीव्हीईची, दुरुस्ती-योजना आणि शिल्लक निधी तपासावा. जमीन ‘एर्फपाख्त’वर, म्हणजे भाडेपट्ट्यावर असेल, तर भाडे कधीपर्यंत भरलेले आहे आणि पुढे ते कसे बदलणार आहे, हे समजून घ्यावे. कायद्याने विक्रेत्यावर ठाऊक असलेले दोष सांगण्याचे बंधन आहे. परंतु खरेदीदारावरही शोध घेण्याचे बंधन आहे, आणि जुन्या घराच्या करारातील ‘वयाचे कलम’ विक्रेत्याची जबाबदारी आणखी कमी करते.

बोलीच्या वेळी लक्षात ठेवावे की जाहिरात देणारा माकेलार, म्हणजे घरांचा दलाल, हा विक्रेत्याचा माणूस आहे. तो कितीही आपुलकीने वागला, तरी आपले हित पाहणे हे त्याचे काम नव्हे. स्वतःचा खरेदी-माकेलार नेमल्यास त्याला त्या गल्लीतील अलीकडचे व्यवहार ठाऊक असतात. नेमायचा नसेल, तर कडास्टर या भूमी-नोंदणी कार्यालयातून पूर्वीची विक्रीकिंमत थोड्या शुल्कात मिळवावी आणि करासाठी ठरवलेले वॉझ मूल्य विनामूल्य पाहावे. सांगितलेली किंमत ही कित्येकदा केवळ गर्दी खेचण्यासाठी ठेवलेली असते, म्हणून आपला आकडा तिच्यावरून नव्हे तर या माहितीवरून ठरवावा. बोली लेखी असावी, आणि तिच्यात रकमेबरोबर ताब्याची तारीख व अटी असाव्यात. कर्ज न मिळाल्यास आणि बांधकाम तपासणीत मोठा दोष निघाल्यास करार रद्द करता येईल, या दोन अटी मोलाच्या आहेत. स्पर्धेत पुढे जाण्यासाठी त्या सोडण्याचा सल्ला दिला जातो. तपासणीची अट सोडायचीच असेल, तर बोलीपूर्वीच तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. कर्जाची अट मात्र, हाताशी पुरेशी बचत असल्याशिवाय, सोडू नये. कारण मुदतीनंतर माघार घेतल्यास किमतीच्या १० टक्के दंड बसतो, आणि ४ लाख ५० हजारांच्या घरावर तो ४५ हजार युरो होतो.

बोली स्वीकारली गेली तरी लेखी करार होईपर्यंत व्यवहार पक्का नसतो. दोघांच्या सह्या झालेली प्रत हाती आल्यानंतरच्या दिवसापासून खरेदीदाराला ३ दिवसांचा विचारकाळ मिळतो, ज्यात निदान २ दिवस कामाचे असावे लागतात. या काळात कारण न देता करार मोडता येतो. करार डच भाषेत असतो. हे ३ दिवस तो वाचण्यासाठी, शक्य तर जाणकाराबरोबर वाचण्यासाठी, पूर्ण वापरावेत. सोबतची ‘घरात राहणाऱ्या वस्तूंची यादी’ही वाचावी, कारण यादीत नसेल तर विक्रेता पडद्यांसह लाकडी जमीनसुद्धा उचलून नेऊ शकतो. त्यानंतर काही आठवड्यांत विसार म्हणून १० टक्के रक्कम नोतारिसकडे भरावी लागते किंवा तेवढी बँक-हमी द्यावी लागते.

कोस्टन कोपर व्यवहारात नोतारिस खरेदीदार निवडतो, आणि शुल्कांत बराच फरक असल्याने तीन-चार ठिकाणी विचारावे. डच नीट समजत नसेल तर सहीच्या वेळी दुभाष्या आणावा लागतो. त्याची वेळ आधीच ठरवावी. घराचा विमा त्याच दिवसापासून सुरू झालेला असावा. सहीपूर्वी, शक्यतो त्याच सकाळी, विक्रेत्याबरोबर घराची अखेरची पाहणी होते. ती रिकाम्या घरात करावी, नळ सोडून पाहावेत, तापवणारे यंत्र चालू करावे, वीज, गॅस आणि पाण्याचे आकडे टिपून दोघांनी त्यावर सही करावी, आणि काही बिघडलेले आढळल्यास ते नोतारिसच्या टेबलावर, किल्ल्या घेण्यापूर्वी, लिहून घ्यावे. राहायला गेल्यानंतर ५ दिवसांच्या आत नगरपालिकेत नवा पत्ता नोंदवावा.